ऑफिस ॲडमिनच्या इंटरव्ह्यूची तयारी: गावाकडच्या पोट्ट्यापोट्टींसाठी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात ऑफिस असिस्टंटच्या एका जागेसाठी इंटरव्ह्यू झाले. मी काही साहेब नाही, ॲडमिनला आहे, बाहेरच्या टेबलावर बसून आलेल्यांचे कागद तपासायचे, रजिस्टरवर सही घ्यायची आणि नंबरानं आत सोडायचं एवढंच माझं काम होतं. पण खरं सांगू का, अर्धा इंटरव्ह्यू त्या बाहेरच्या टेबलावरच होऊन जाते आणि पोट्ट्यांना त्याचा पत्ताच नसते. एक जण आला, बी.कॉम. फायनलचा, बोलणं एकदम फाडफाड, मी म्हटलं बारावीची मार्कशीट दाखवा, तर त्यानं बॅग खुर्चीवर उपडी केली. चार्जर निघालं, एसटीचं तिकीट निघालं, कंगवा निघाला, टीसीसुद्धा निघाली, बारावीची मार्कशीट काही निघाली नाही. त्याच्या मागं दारव्ह्याकडची एक पोट्टी होती, साधीच, आवाज पण बारीक. तिनं फाईल उघडली, तिसऱ्या कप्प्यातून ओरिजिनल काढलं, मागची झेरॉक्स माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मॅडम, हे बघून मला परत द्या, हे तुमच्याकडे ठेवा." आतून साहेबांनी नंतर विचारलं की बाहेर कोण कसं वाटलं, तेव्हा मी तिचंच नाव सांगितलं.

म्हणून हे लिहून राहिली. मी स्वतः घाटंजी तालुक्यातल्या गावातून शिकली, पहिल्या दोन इंटरव्ह्यूत सपाटून आपटली, तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. ॲडमिनच्या नोकरीत इंग्रजीपेक्षा, मार्कांपेक्षा एक गोष्ट जास्त पाहतात, की या माणसाच्या हातात कागद दिला तर तो कागद आठ दिवसांनी सापडेल का. बाकीची सगळी तयारी ह्याच्याच आजूबाजूला आहे.

आधी हे समजून घ्या की नोकरी कशाची आहे

सरकारी लिपिकाची भरती वेगळी, तिथं मुलाखत नसतेच, लेखी परीक्षा आणि टायपिंगची चाचणी असते, मराठी 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द मिनिटाला. मी बोलून राहिली ते प्रायव्हेटबद्दल, म्हणजे जिनिंग फॅक्टरी, बुटीबोरी-हिंगण्याच्या किंवा नांदगाव पेठच्या एमआयडीसीतली कंपनी, कॉलेजचं ऑफिस, हॉस्पिटल, सीएचं ऑफिस, पतसंस्था, एनजीओ, आणि सरकारी ऑफिसातली कंत्राटी कामं, जिथं एजन्सीवाले समोर बसवून विचारतात.

जाहिरातीत नावं नाना प्रकारची असतात. "फ्रंट ऑफिस" म्हटलं की फोन आणि येणारे-जाणारे लोक, तिथं बोलणं पाहतात. "डेटा एन्ट्री" म्हटलं की दिवसभर कॉम्प्युटर. "बॅक ऑफिस" म्हणजे बिलं, चलन, एक्सेल. "ऑफिस असिस्टंट" किंवा "ॲडमिन" म्हटलं की सगळंच, टपाल घेणं, आवक-जावक रजिस्टर, मस्टर म्हणजे हजेरीपट, स्टेशनरीचा स्टॉक, किरकोळ खर्चाचे व्हाउचर, साहेबांच्या मीटिंगा, एसी बंद पडला तर मेकॅनिकला फोन, आणि कुरिअरवाला आला तर सही. जाहिरात दोनदा वाचा आणि त्यात जी-जी कामं लिहिली त्यांच्याखाली पेनानं रेघ मारा, प्रश्न तिथूनच येतात. "टॅली येणाऱ्यास प्राधान्य" लिहिलं असलं आणि तुम्हाला टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, येत नसलं तरी जा, प्राधान्य म्हणजे अट नाही. पण "टॅली आवश्यक" लिहिलं असेल तर भाडं वाया घालवायच्या आधी एक फोन करून विचारा, फोन करणाऱ्याला कोणी खात नाही.

अनुभव नाही म्हणता, पण आहे

इथं जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त पोट्टे इथंच मार खातात. "अनुभव आहे का?" विचारलं की मान खाली, "नाही सर, फ्रेशर आहे." अरे बावा, कास्तकाराच्या घरातलं शिकलेलं पोट्टं आणि ऑफिसच्या कामाचा अनुभव नाही, हे होऊच शकत नाही. तुमच्या घरातला सातबारा कोण काढून आणते? आठ-अ? पीक विम्याचा फॉर्म कोणी भरला, पीएम किसानची ई-केवायसी अडली होती तेव्हा सेतू केंद्रात कोण चकरा मारत होतं? महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, हे सगळं बाबांनी केलं का? तुम्हीच केलं न. कोणता कागद कुठे लागते, त्याची मुदत कधी संपते, फॉर्म परत आला तर कोणत्या त्रुटीमुळे आला, पावती जपून ठेवायची, पुन्हा जाऊन विचारायचं, ह्यालाच ॲडमिन म्हणतात, फक्त घरी त्याचा पगार मिळत नाही.

फक्त हे सांगायची पद्धत पाहिजे. "मी घरचे कागद पाहतो" म्हटलं तर समोरचा हो-हो म्हणून पुढे जाईल. असं सांगून पहा:

"सर, मागच्या वर्षी आमच्या घरच्या पीक विम्याच्या अर्जात बँकेच्या पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं निघालं. मी बँकेत अर्ज देऊन नाव दुरुस्त केलं, पोचपावती घेतली, अर्ज मुदतीच्या आत पुन्हा भरला. तेव्हापासून घरातल्या चौघांचे आधार, पासबुक, सातबारा एका फाईलीत लावून ठेवले आणि मोबाईलमध्ये प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर केलं."

तीनच वाक्यं झाली, पण समोरच्याला अडचण कळली, तुम्ही काय केलं ते कळलं आणि तुमच्या हाताला वळण आहे हेही कळलं. अर्थात जे खरंच केलं तेच सांगा, कारण पुढचा प्रश्न "पोचपावतीवर काय-काय असते?" असा आला तर फसाल.

आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं आहे, कारण त्यात हजेरी, जमा, कर्जवाटप, व्याज, सगळंच येते आणि दहा-बारा बाया हिशोब विचारायला समोर बसलेल्या असतात, त्यांच्याएवढं कडक ऑडिट कंपनीत पण होत नाही. गणपती मंडळाची वर्गणी, गॅदरिंगचा खर्च, एनएसएसच्या शिबिराची यादी, लग्नातली आहेराची वही, झेरॉक्सच्या दुकानात सुट्टीत केलेलं काम, सगळं चालते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, ती 2024 मध्ये सुरू झाली ती, कोणत्या ऑफिसात ट्रेनिंग केली असेल तर ते सगळ्यात वर लिहा आणि तिथं नेमकं काय केलं ते लिहा. नुसतं "प्रशिक्षण पूर्ण" लिहून काही कळत नाही.

बायोडाटा

एक पान. दोन पानांचा करायला तुमच्याकडे सध्या काही नाही, आणि असला तरी कोणी उलटून पाहत नाही. नाव, मोबाईल, गाव-तालुका-जिल्हा, शिक्षण उलट्या क्रमानं, कॉम्प्युटर आणि टायपिंग, वर सांगितलेली कामं, भाषा. लग्नाच्या बायोडाट्यासारखं वर गणपतीचं चित्र, रास, उंची, मामेकुळ टाकू नका, हसू नका, मी असे पाहिले आहेत. ईमेल आयडी स्वतःच्या नावाचा करा, "किंग", "रॉयल" वगैरे असलेला आयडी मॅनेजरला मोठ्यानं वाचायला लावू नका. आणि तो मेल उघडत जा, एका पोट्टीला बोलावणं मेलवर गेलं होतं, तिचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे होता.

नाव दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, जॉईनिंगच्या वेळी पीएफ उघडताना हेच आडवं येते.

छंदाच्या जागी "वाचन" लिहिलं की "शेवटचं काय वाचलं?" हा प्रश्न ठरलेला. वाचत नसाल तर लिहू नका.

फाईल अशी लावा

बाजारात तीस-चाळीस कप्प्यांची प्लास्टिकची डिस्प्ले फाईल मिळते, ती घ्या. पहिल्या कप्प्यात बायोडाट्याच्या तीन प्रती आणि बोलावण्याचं पत्र किंवा मेसेजची प्रिंट. मग दहावी, बारावी, त्यानंतरच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट ओळीनं, प्रत्येक ओरिजिनलच्या मागं त्याच कप्प्यात दोन झेरॉक्स, झेरॉक्सवर आधीच सही करून. मग टीसी, एमएस-सीआयटी, टायपिंगचं सर्टिफिकेट, त्यानंतर आधार, पॅन, डोमिसाईल, जातीचं वगैरे. शेवटच्या कप्प्यात पाच-सहा पासपोर्ट फोटो एका छोट्या लिफाफ्यात, मागं नाव लिहून. पहिल्याच पानावर एक यादी चिकटवा, कोणत्या कप्प्यात काय. ओरिजिनल कुठेही जमा करायचं नाही, कोणी "ठेवून जा" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा, तपासून परत घ्या.

पेन दोन, एक बंद पडतेच. छोटा स्टेपलर असला तर फार बरं. आणि हे सगळं मोबाईलमध्ये पण पीडीएफ करून ठेवा, पण फाईलला नाव द्या, "बारावी मार्कशीट" असं. "डॉक 20240611 डब्ल्यूए 0023" ह्या नावाच्या सतरा फाईली असलेला मोबाईल मला दाखवून "मॅडम यातच कुठेतरी आहे" म्हणणारे मी रोज पाहते.

कॉम्प्युटरवर बसवतात तेव्हा

बहुतेक ठिकाणी आता पंधरा-वीस मिनिटं कॉम्प्युटरवर बसवतात. एमएस-सीआयटी झालं म्हणजे येते असं कोणी मानत नाही, ते 2001 पासून सुरू आहे, सगळ्यांकडेच असते. तीन गोष्टी येतात, टायपिंग, एक पत्र आणि एक्सेल.

टायपिंगमध्ये आधी विचारा, "सर, युनिकोडमध्ये करू की कृतीदेवमध्ये?" हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला कळते याला काम माहीत आहे. युनिकोडचं मराठी कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येते, कृतीदेव हा जुना फॉन्ट आहे, त्यात टाईप केलेली फाईल ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसते, आणि अजूनही कितीतरी ऑफिसांत जुन्या फाईली तशाच पडून आहेत. तुम्हाला इन्स्क्रिप्ट येते की रेमिंग्टन, म्हणजे मराठी कीबोर्डच्या दोन पद्धतींतली कोणती, तेही माहीत पाहिजे, कीबोर्ड बदलला की बोटं आंधळी होतात. मोबाईलवर मराठी बोलून टाईप करता, ते इथं कामाचं नाही.

पत्राचा सांगाडा पाठ करून टाका. वर उजवीकडे जावक क्रमांक आणि दिनांक, डावीकडे प्रति, त्याखाली पद आणि पत्ता, मग विषय, मग संदर्भ, म्हणजे तुमचं कोणत्या तारखेचं कोणतं पत्र, मग महोदय, मजकूर, शेवटी आपला विश्वासू, सहीला जागा, नाव-पद, खाली डावीकडे सहपत्र, म्हणजे सोबत जोडलेले कागद, आणि प्रत माहितीस्तव. विषय एका ओळीत यायला पाहिजे. "पाणी नसल्याबाबत" असा विषय नाही होत, "कार्यालयातील कूलरसाठी पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करून मिळणेबाबत" असा होते. घरी सरावाला रोज एक पत्र लिहा, ग्रामपंचायतीला, एसटी डेपोला, बँकेला, आठ दिवसांत हात बसते.

आता एक्सेल. फॉर्म्युल्यांची भीती सगळ्यांना असते, सम, काउंट, इफ, व्हीलूकअप एवढं आलं तरी सुरुवातीला पुरते, सोबत सॉर्ट, फिल्टर आणि वरची ओळ फ्रीझ करणं. पण फॉर्म्युल्यापेक्षा एन्ट्रीत लोक जास्त फसतात. मी स्वतः फसली आहे, म्हणून नीट सांगते. माझ्या दुसऱ्या इंटरव्ह्यूत वीस कामगारांची यादी टाकायला दिली होती, नाव, आधार, बँक खातं, आयएफएससी. मी पटापट टाकली, खूश होती. तपासणाऱ्या मॅडमनं स्क्रीनकडे बोट दाखवलं. आधारच्या 12 आकड्यांच्या जागी 4.56ई+11 असं काहीतरी दिसत होतं, मी कॉलम रुंद करायला गेली तरी तसंच. ज्या खात्याची सुरुवात शून्यानं होती त्याचं शून्य गायब. आणि 16 आकडी खात्याचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसला होता, कारण एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक धरते, पुढचे शून्य करते. म्हणजे त्या कामगाराचा पगार दुसऱ्याच्या खात्यात नाहीतर परत. मॅडम काही रागावल्या नाहीत, "ठीक आहे, कळवू" म्हणाल्या आणि कळवलं नाही.

त्यावर उपाय एवढाच की एन्ट्री सुरू करायच्या आधी तो पूर्ण कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करायचा, किंवा आकड्याच्या आधी एक वरचं स्वल्पविराम टाकायचं, म्हणजे एन्टरच्या शेजारचं ते एकेरी अवतरण. सोबत हेही लक्षात ठेवा: आधार 12 अंकी, पॅन 10 अक्षरांचं, आयएफएससी 11 अक्षरांचा आणि त्यातलं पाचवं अक्षर शून्य असते, इंग्रजी ओ नाही, जीएसटी नंबर 15 अक्षरांचा आणि महाराष्ट्राचा असला तर 27 नं सुरू. एन्ट्री झाल्यावर नुसते आकडे मोजले तरी निम्म्या चुका सापडतात. तारखेचं पण तसंच, 05/06 टाकलं की काही कॉम्प्युटर 5 जून धरते, काही 6 मे, म्हणून महिना अक्षरात टाका.

कॉम्प्युटर घरी नसलाच तर कॉलेजची लॅब, नाहीतर झेरॉक्सवाल्याला विनंती करा दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा. मोबाईलवर एक्सेलचं ॲप असते त्यावर फॉर्म्युले शिकता येतात, टायपिंग मात्र नाही.

थोडं ऑफिसचं ज्ञान

ह्याचे प्रश्न सोपे असतात पण आधी ऐकलेले पाहिजेत. आवक म्हणजे आलेलं पत्र, त्यावर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर, मग ज्याच्या टेबलाचं त्याच्याकडे, सही घेऊन. जावक म्हणजे आपण पाठवलेलं, नंबर टाकल्याशिवाय बाहेर जात नाही आणि ऑफिस कॉपी फाईलला लागते. नंबर कुठे 1 जानेवारीला नव्यानं सुरू होतात, कुठे 1 एप्रिलला. चेक तारखेपासून तीन महिने चालते. 5,000 रुपयांच्या वर पैसे मिळाल्याची पावती असली की 1 रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावतात. 1,25,000 असा स्वल्पविराम टाकायचा आणि शेजारी अक्षरी रक्कम, शेवटी "फक्त". रजिस्टरमध्ये चूक झाली तर व्हाइटनर नाही, एक रेघ मारून वर बरोबर लिहायचं आणि बाजूला छोटी सही. हे शेवटचं मला आमच्या जुन्या हेडक्लार्क काकांनी शिकवलं, ते रिटायर झाले पण त्यांची रजिस्टरं आजही आरशासारखी आहेत.

आत गेल्यावर

"स्वतःबद्दल सांगा" ह्याला जन्मापासून सुरुवात करू नका, आणि "माझे वडील शेतकरी, आई गृहिणी, आम्ही तीन भावंडं" हे पण नको, त्यांना तुमच्या भावंडांना नोकरी द्यायची नाही. नाव, कुठले, काय शिकून राहिले, कॉम्प्युटर-टायपिंग काय येते, कोणतं काम केलं, ही नोकरी काऊन पाहिजे. एका मिनिटाच्या आत. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटते, तिसऱ्यांदा चुका दिसतात.

भाषेचं फार टेन्शन घेऊ नका. आपल्याकडं शाळेला शाया म्हणतात आणि डोळ्याला डोया, मी पण म्हणायची, अजून घरी म्हणते. इंटरव्ह्यूत सावकाश आणि स्वच्छ मराठी बोला, गावची लकब राहिली तर राहू द्या. इंग्रजीत प्रश्न आला आणि समजला तर तोडकंमोडकं का होईना इंग्रजीत सुरू करा, अडलं की "सर, पुढचं मराठीत सांगू का?" असं सरळ विचारा. पाठ केलेलं इंग्रजी मात्र लगेच ओळखू येते, तिसऱ्या वाक्याला गाडी घसरते.

विद्यार्थी असाल तर हा प्रश्न शंभर टक्के येणार: "परीक्षा आल्या की काय करणार?" ह्याला "नाही सर, काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर खोटं आहे आणि त्यांना माहीत आहे. टाईमटेबल हातात ठेवा. "सर, माझे पेपर साधारण ह्या महिन्यात असतात, पाच-सहा दिवस, दुपारच्या सत्रात. तारखा आल्या की मी आधीच लेखी देईन आणि राहिलेलं काम त्याआधी पूर्ण करून ठेवीन." असं बोलला की तो प्रश्न तिथंच संपते. तसाच दुसरा, "गावावरून कसं येणार?" गाडीचं टाईम सांगा, पहिली गाडी किती वाजता, ती चुकली तर दुसरी कोणती, पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर शहरात कोणाकडे राहता येते. पोट्टींना तर हे हमखास विचारतात आणि त्यामागं लग्नाचा प्रश्न पण येते, मला तो प्रश्न चुकीचाच वाटते, पण आला तर चिडू नका, "सध्या शिक्षण आणि नोकरी हेच ठरलं आहे" म्हणून पुढं जा.

मग काही प्रसंग देतात. दोन साहेबांनी एकाच वेळी दोन अर्जंट कामं सांगितली तर? उत्तर असं की दोघांनाही विचारीन कोणतं किती वाजेपर्यंत पाहिजे, जमत नसेल तर दोघांनाही ते सांगीन, मनानं ठरवणार नाही. पगाराच्या फाईलबद्दल तुमच्या मित्रानं विचारलं तर? नाही सांगणार. पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि चूक तुमची असेल तर? लगेच साहेबांना सांगीन, मग दुसरं पत्र आणि रजिस्टरमध्ये नोंद.

कधी फोनचं नाटक पण करायला लावतात. टेबलावरचा फोन उचला, समजा कोणी चिडून बोलत आहे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. इथं पोट्टे "साहेब नाहीत" म्हणून ठेवून देतात. ऑफिसचं नाव सांगा, नमस्कार म्हणा, नाव, नंबर, काम आणि परत कधी फोन करू हे विचारून कागदावर लिहून घ्या, आणि हे करताना खरंच पेन उचलून लिहा, नाटकात पण लिहा. नंबर परत वाचून दाखवा. एवढं केलं की मी पाहिलं आहे, समोरचे दोघं एकमेकांकडे बघतात.

"तुम्हाला काही विचारायचं आहे का?" म्हटलं तर "नाही सर" म्हणू नका. मला पहिल्या महिन्यात कोणतं काम राहील, कोणाच्या हाताखाली, वेळ काय, सुट्टी कोणत्या दिवशी, हे विचारायला हरकत नाही.

पगार

"किती अपेक्षा आहे?" ह्याला "तुम्ही द्याल ते" नको. त्या भागात तसल्या कामाला काय देतात ते दोघा-तिघांना विचारून जा आणि एक आकडा सांगा. आणि हातात किती येते ते समजून घ्या. समजा 12,000 सांगितले आणि ते पूर्ण बेसिक, म्हणजे मूळ पगार, धरलं, तर पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440, ईएसआयसी (कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 90, आणि पुरुषाला प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. हातात आले 10,270. बायांना 25,000 पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, म्हणून 10,470. पीएफ-ईएसआयसी कापतात म्हणून तोंड वाकडं करू नका, कापतच नाहीत तिथं जास्त सावध राहा. लहान ऑफिसला ते लागू नसते हेही खरं, पण विचारून घ्यायचं. त्यातून खोलीचं भाडं, डबा आणि एसटी वजा करा. पोट्टींना 2023 च्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कितीदा गावावरून अपडाऊनच परवडते.

आणि एक गोष्ट ठासून सांगते, नोकरी देणारा पैसे मागत नसते. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, "साहेबांपर्यंत पोचवायचे" असे, काहीही नाव असो. आमच्या गावातल्या एकानं तूर विकून पैसे भरले होते आणि लेटरहेडवरचं जॉईनिंग लेटर घेऊन गेला तर त्या पत्त्यावर मोबाईलचं दुकान होतं.

त्या दिवशी

आदल्या दिवशीच ठिकाण पाहून या, शक्य नसेल तर कोणाला विचारून घ्या, एमआयडीसीत गेट एकीकडे आणि ऑफिस भलतीकडे असते. अकराचा इंटरव्ह्यू असेल तर साडेदहाला पोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका, तिच्या आधीची धरा. कपडे धुतलेले, इस्त्रीचे, नेहमीच्या अंगातले, लग्नातला कोट नको आणि त्याच दिवशी नवीन बूट तर अजिबात नको, चालता-चालता टाच सोलते. एप्रिल-मे असेल तर डोक्याला दुपट्टा, पाण्याची बॉटल आणि एक जादा रुमाल घ्या, पोचल्यावर आधी नळावर तोंड धुवा, पाच मिनिटं सावलीत बसा, मग आत जा. घामाघूम होऊन फाईल पुढं केली की पहिली झेरॉक्स ओली होते. चौकातला आलूबोंडा तर्रीत बुडवून खायचा मोह इंटरव्ह्यू झाल्यावर.

गेटवरच्या वॉचमनशी, चहा आणणाऱ्या काकांशी नीट बोला. मोबाईल सायलेंट नाही, बंद.

बाहेर आल्यावर तिथंच, गाडीची वाट पाहताना, कोणते प्रश्न आले आणि कुठे अडलं ते वहीत लिहा, घरी पोचेपर्यंत अर्धं विसरते. "कळवू" म्हणाले तर निघण्याआधीच विचारून घ्या की साधारण कधीपर्यंत, आणि ती तारीख उलटून दोन दिवस झाले की एकदा फोन करा. रोज नाही.

निवड झाल्याचा फोन आला तर आनंदात नुसतं हो-हो करू नका. जॉईनिंगची तारीख, वेळ, कोणाला भेटायचं, कोणती कागदपत्रं, पगार, हे मेलवर नाहीतर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आणि पहिल्या दिवशी डबा घरूनच न्या, कँटीन कुठे आहे हे विचारायची हिंमत होईपर्यंत दुपार टळून जाते.